प्रयागबाईंनी न पाहिलेले सिंह

प्रयागबाईंनी आपला पहिला सिंह पाहिला तो शोभाताईंच्या फाटकाशी उभं राहून. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाच लिटरचा कुकर, आणि वेळ भर दुपारी साडेबाराची. सिंह अर्थात तिथे नव्हता. लकडगंजच्या मागच्या त्या गल्लीत चार पायांवर येणारं म्हणाल तर दोन कुत्री आणि एक म्हातारी गाय, बस. पण शोभाताईंनी फाटकाच्या कडीवर हात ठेवून विचारलं, "पाह्यला का वं सिंह?" आणि प्रयागबाई नैरोबीहून मुंबई, मुंबईहून नागपूर अशा प्रवासानं इतक्या मोडल्या होत्या, की खरं सांगायला जेवढी ताकद लागते तेवढी अंगात उरली नव्हती.

"हाव," त्या म्हणाल्या आणि घरी जाऊन झोपल्या.

चार तासांनी उठल्या तेव्हा दारात अकरा जण बसलेले होते. त्यात लाकूड कापायच्या आरा मशीनचा मालक होता, किराणावाला बंटी दुकान उघडं टाकून आला होता, आणि शोभाताईंनी चहाची किटली स्वतःच्या घरून आणली होती. शोभाताई स्वतःच्या घरून काही आणतात ही गोष्ट गल्लीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. अशा वेळी माणसानं काय करावं? अकरा जणांना उठवून लावावं, की एक सिंह द्यावा? प्रयागबाईंनी सिंह दिला.

आता मुळापासून सांगायला पाहिजे. प्रयागबाई झाडे, वय अठ्ठावन्न, माहेर पारशिवनीकडचं. नवरा देवराव कळमेश्वरच्या एका कारखान्यात होता, आणि वीस वर्षं त्यानं रात्रपाळीत काढली. तो गेल्यावर बाईंनी डबे सुरू केले. कॉलेजच्या पोरांना डबे, मग बारशाच्या ऑर्डरी, मग लग्नाच्या. त्या डबे खाणाऱ्या पोरांत उन्मेष नावाचा एक होता, महाल भागातल्या घरचा, बोलायला गोड आणि पोळी मोजून चार खाणारा. पुढे त्यानं टूर काढायला सुरुवात केली. नागपूरच्या लोकांना केनियाचं जंगल दाखवायचं, असं त्याच्या डोक्यात आलं. दाखवलंही. पण पहिल्याच टूरमध्ये तिसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यावरून लोकांनी असं तोंड पाडलं, की समोर जिराफ उभा असताना मंडळी वरण-भातावर बोलत होती. उन्मेष परत आला तो थेट प्रयागबाईंच्या दारात.

"काकू, पासपोर्ट काढा," तो म्हणाला.

"कायले?"

"फोडणी द्यायला."

अशा त्या आफ्रिकेत गेल्या. पाच वर्षांत सहा वेळा. गल्लीत त्यांचं नाव डबेवाली बाई होतं ते आफ्रिकावाल्या बाई झालं. भिशीच्या दिवशी कोपऱ्यातली सतरंजी सुटली आणि शोभाताईंच्या सोफ्यावर जागा मिळाली. वन्यजीव सप्ताहात जवळच्या शाळेनं त्यांना बोलावून शाल दिली. नारळ तर दोन.

आणि या सहा वेळांत त्यांनी एकही सिंह पाहिला नाही.

कसा पाहणार? कॅम्पवर दिवस असा असायचा. साडेचारला उठायचं, चहा, बिस्किटं. साडेसहाला गाड्या निघायच्या. वर उघडणाऱ्या टपाच्या त्या मोठ्या गाड्या, प्रत्येकीत चार-पाच पाहुणे, पांघरुणं घेतलेले, गळ्यात कॅमेरे. प्रयागबाई स्वयंपाकाच्या तंबूच्या दाराशी उभ्या राहून हात हलवायच्या. गाड्या गवतात दिसेनाशा झाल्या की कणीक भिजवायची. अकराला मंडळी परत, की गरम जेवण. चारला पुन्हा गाड्या निघाल्या, की रात्रीची भाजी चिरायची. सहा टूरमध्ये बाईंनी आफ्रिकेत जे डोळ्यांनी पाहिलं ते म्हणजे गाड्यांच्या पाठी, एक टकला करकोचा जो सालींच्या ढिगाशी येऊन उभा राहायचा, आणि माकडं.

पण ऐकलं मात्र सगळं. जेवायला बसलेला माणूस आणि त्यातही सिंह पाहून जेवायला बसलेला माणूस वाढणाऱ्याकडे बघत नाही. बोलत सुटतो. बाई वाटी भरता भरता ऐकायच्या. पंगतीतल्या चौदा जणांनी एकच हत्ती चौदा तऱ्हांनी सांगितला, की त्यातून पंधरावा, सगळ्यांत चांगला, बाईंच्या डोक्यात तयार व्हायचा. शिवाय गाडी चालवणारे गाइड जेवायला स्वयंपाकाच्या तंबूतच यायचे. त्यांच्यात पॅट्रिक नावाचा एक उंच माणूस होता, तो बाईंना आदरानं "मामा" म्हणायचा, कारण त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. चहाला तो "चाय" म्हणायचा आणि चपातीला "चपाती", त्यामुळे भाषेचं काही अडलंच नाही. बाकीचं हातवाऱ्यांनी. सिंह म्हशीवर कसा जातो ते पॅट्रिकनं एकदा लाटण्याला म्हैस करून दाखवलं होतं.

मग गल्लीत आल्यावर बाई सांगायच्या, आणि कसं सांगायच्या. नदी ओलांडणारे हजारो प्राणी म्हणजे दिवाळीआधीचा सीताबर्डीचा रस्ता. मागचा पुढच्याला ढकलतो, पुढच्याला माहीत नाही आपण कुठे चाललो. तरस म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीत शिरलेला पाहुणा. खाली बघून चालतो आणि ताटावर नजर. चित्ता गाडीच्या बोनेटवर चढून बसला तेव्हा इंजिन गरम होतं म्हणून त्यानं एकेक पाय कसा उचलला, हे सांगताना बाई स्वतः एकेक पाय उचलायच्या. बंटी किराणावाल्यानं हा चित्ता सात वेळा ऐकला होता आणि आठव्यांदा ऐकायला साखर मोफत देत होता.

एकदा "हाव" म्हटलं आणि ते परत घ्यायचं राहून गेलं, इतकंच बाईंचं पाप. पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं, पुढच्या टूरला कधीतरी गाडीत जागा मिळेल, एक सिंह बघू, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. दरवर्षी गाड्या भरलेल्या निघाल्या. उन्मेषला सांगायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडलं तर उन्मेषला कळणार की काकूंनी गल्लीत काय काय पाहून ठेवलंय.

असं सुरळीत चाललेलं असताना शोभाताईंच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, प्लायवूडचं दुकान पोराच्या हाती दिलं, आणि शोभाताईंनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला कुठे जायचं ते जाहीर केलं.

"केनिया," त्या म्हणाल्या. "प्रयागबाई आहे न सोबत. आम्ही तं बाईच्या बाजूलेच बसू गाडीत. आपली बाई असली का कायची भीती."

त्या वेळी प्रयागबाईंच्या हातात पुरणाचा गोळा होता. तो तसाच राहिला.

पुढचे दोन महिने बाईंनी शोभाताईंना वळवायला काय काय नाही केलं. तिकडं थंडी लय पडते. मी नवा स्वेटर घेतला, शोभाताई म्हणाल्या. पाणी जड आहे. डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. गाडीत हादरे बसतात, भाऊजीच्या कंबरेले झेपणार नाही. यावर मारोतराव पेपरमागून म्हणाले, "कंबर माझी आहे, तिले विचारून राहिलो मी, थे म्हणते जाऊ." शेवटी बाईंनी तुरुप काढला. तिकडं कधी कधी सिंह गाडीच्या पार जवळ येतो, म्हणाल्या, हात बाहेर काढला तं आयाळीले लागते. झालं. शोभाताईंनी त्याच दिवशी फॉर्म भरला.

ऑगस्टात टूर निघाली. कॅम्पवरच्या पहिल्याच सकाळी, गवतावर दव आणि तोंडातून वाफ, तीन गाड्या ओळीनं उभ्या. शोभाताई खिडकीशी बसल्या होत्या, बाजूच्या सीटवर स्वतःची पर्स ठेवून जागा धरलेली.

"या न बाई," त्यांनी हाक मारली.

प्रयागबाईंच्या हातात चहाचे रिकामे कप होते, एकात एक घातलेले बारा. "तुमी व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मले काम आहे."

"आज आहे. उद्या?"

"उद्याबी."

शोभाताईंनी बाईंकडे पाहिलं. मग कपांकडे. मग त्या तंबूकडे, जिथून कणकेची मोठी परात दिसत होती. लकडगंजमध्ये चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला दोन अधिक दोन सांगावं लागत नाही. त्यांनी बाजूच्या सीटवरची पर्स हळूच उचलून मांडीवर घेतली. गाडी निघाली, आणि बाईंना शेवटी दिसलं ते शोभाताईंचं हसू.

त्या दिवशी डाळ करपली. प्रयागबाईंच्या हातून डाळ करपली, हे गल्लीत सांगितलं असतं तर कोणी विश्वासही ठेवला नसता.

संध्याकाळी, मंडळी शेकोटीपाशी बसलेली असताना, शोभाताई स्वयंपाकाच्या तंबूत आल्या. बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. बाई मिरच्यांचे देठ काढत होत्या.

"थो बोनेटवरचा चित्ता," शोभाताई म्हणाल्या.

"तो दुसऱ्या टूरमधल्या मॅडमनं पाह्यला. धंतोलीच्या."

"पाय उचलत होता थो?"

"थे मीनं टाकलं. इंजिन गरम राहील न, मंग उचलणारच."

"अन् नदी?"

"नदी उमरेडच्या डॉक्टरची आहे."

"हत्तीणीचं पिल्लू चिखलात फसलं, अन् सारे हत्ती गोळा झाले. मी रडली होती वं त्या दिवशी. माझ्या सुनेले फोन करून सांगितलं होतं."

"थे पॅट्रिकनं सांगितलं."

शोभाताईंनी श्वास घेतला. "मंग तुमी काय पाह्यलं, बाई?"

प्रयागबाईंनी खरंच विचार केला. "माकडं," त्या म्हणाल्या. "दोनदा पोळ्या नेल्या त्याइनं."

शोभाताई हसायला लागल्या त्या थांबेनात. पोत्यातले दोन बटाटे घरंगळून बाहेर आले. डोळे पुसून पुन्हा हसल्या. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर गल्ली होती. बंटी, आरा मशीन, शाळेची शाल, शोभाताईंचा सोफा, आणि सोफ्यावरून पुन्हा सतरंजीवर.

"सांगायचं तं सांगा गल्लीत," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणत नाही. पण एकदम सांगून टाका. थोडं थोडं नका सांगू."

शोभाताईंचं हसणं बसलं. त्यांनी बटाटे उचलून पोत्यात ठेवले.

"आज पाह्यला मी हत्ती," त्या म्हणाल्या. "तुमचा मोठा होता."

आणि उठून गेल्या. सांगणार की नाही, ते काही बोलल्या नाहीत. शोभाताईंना एखादी गोष्ट हातात धरून ठेवायची हौस आहे, हे गल्लीला माहीत आहे. गणपतीच्या वर्गणीची पावती त्या अशाच धरून ठेवतात. पॅट्रिकनं "मामा, चाय?" म्हणून विचारलं तर प्रयागबाईंनी त्याला मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, उन्मेषनं पुढचा कार्यक्रम सांगितला. उद्याचा नाश्ता जंगलात. गाडी एखाद्या मोकळ्या जागी, झाडाखाली थांबेल, गाइड आधी उतरून आसपास बघून घेईल, मग सगळ्यांनी खाली उतरून खायचं. कॅम्पवाले खोके देतील. उकडलेलं अंडं, पाव, एक केळं.

"थंड?" शोभाताईंनी विचारलं.

"थंडच, मावशी. जंगल आहे."

"उन्मेषभाऊ, नागपूरच्या माणसाले सकाळी तुमी थंड पाव द्याल? आमाले पोहे पाहिजे. अन् तर्री पाहिजे."

तर्री हा शब्द उच्चारला गेला आणि चौदाच्या चौदा माना वर झाल्या. प्रवासाचा धरून तिसरा दिवस होता. हरभऱ्याचा तो लालभडक झणझणीत रस्सा पोह्यांवर पडल्याशिवाय तीन दिवस गेले होते, हे ज्याला त्याला तेव्हा जाणवलं. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले कृष्णकांतजी, जे हातभर लांब लेन्स घेऊन आले होते आणि तिच्याशिवाय कोणाशी बोलत नव्हते, तेही म्हणाले, "तर्रीचं बघा राव काहीतरी."

"डब्यात भरून देऊ की," उन्मेष म्हणाला.

"अन् ओतणार कोण?" शोभाताई. "आधी ओतली का पोह्याचा लगदा होते. खायच्या टायमाले ओता लागते, अन् कोणाले किती थे ओतणाऱ्याले समजा लागते. थे बाईचं काम आहे. बाईले घ्या सोबत."

"मावशी, सीट नाही. गाड्या फुल आहेत. आणि किचन स्टाफला पाहुण्यांच्या गाडीत..."

"सीट आहे. यायची कंबर धरली," शोभाताईंनी मारोतरावांकडे बोट केलं.

मारोतराव आंब्याच्या लोणच्याची कोय चोखत होते. आपली कंबर धरली आहे ही बातमी त्यांनाही नवीन होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांना एक गोष्ट नीट समजली होती, कधी विचारायचं नाही ती. त्यांनी कोय ताटात ठेवली आणि हात मागे कंबरेवर नेला.

"हाव गा उन्मेष," ते म्हणाले. "काल रात्रीपासून. तसंही झेब्रे पाहून पाहून मी थकलो. कळमेश्वर रोडवर गाढवं पाहीन अन् पट्टे मनानं मारीन."

प्रयागबाई ताकाचं भांडं धरून उभ्या होत्या. शोभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताक मागितलं.

सकाळी बाई गाडीत बसल्या. जन्म पारशिवनीचा, जिथून पेंचचं जंगल हाकेवर. त्यांच्या भावाची गाय वाघानं नेली होती, पण जंगल बघायला गाडीत बसायचं ही गोष्ट त्यांच्या घरात कोणी केली नव्हती. मांडीवर पोह्यांचा स्टीलचा डबा, चादरीत गुंडाळलेला. पायांत तर्रीचा मोठा थर्मास. पॅट्रिक स्टिअरिंगवरून मागे वळला, त्यांना पाहिलं, आणि सगळे दात दाखवून हसला. "मामा," एवढंच म्हणाला.

गाडी निघाली तशी बाईंनी मागे पाहिलं. स्वयंपाकाचा तंबू लहान लहान होत गेला. त्याच्या दारात आज कोणी नव्हतं. पाच वर्षं त्या तिथे उभ्या राहून हात हलवत होत्या आणि इथून ते किती बारीक दिसत असेल, हे त्यांना आत्ता कळलं. मग तंबू गवतात बुडाला आणि पुढे काहीच उरलं नाही. म्हणजे भिंत नाही, तार नाही, वावराचा बांध नाही. नुसतं पिवळं गवत आणि आभाळ. बाईंनी डबा घट्ट धरला.

शोभाताई बाजूला बसल्या होत्या, ऐटीत. त्यांच्या गाडीला दोन दिवसांत सिंह मिळाला नव्हता, दुसऱ्या गाड्यांना मिळाला होता, आणि त्या त्यावर नाराज होत्या. "आज आला न," त्या कृष्णकांतजींना सांगत होत्या, "तं मी त्याच्या डोळ्यात डोळा घालून पाहीन. मले भेव नाही वाटत." वायरलेसवर गाइड लोकांचं बोलणं चालू होतं. बाकीच्या दोन गाड्या चित्त्याच्या मागे वळल्या. पॅट्रिकनं आपली गाडी उलटीकडे घेतली, एका सुक्या ओढ्याच्या कडेनं, झुडपांमधून. हळू. मग आणखी हळू. मग इंजिन बंद.

"सिम्बा," तो म्हणाला. अगदी हलक्या आवाजात, आणि बाईंकडे बघून.

झुडपाखाली होता. एकटा, नर, म्हातारा. प्रयागबाईंना आधी तो दिसलाच नाही, गवताचाच एक ढीग वाटला, आणि मग तो ढीग उठून उभा राहिला. कृष्णकांतजींनी लेन्स उचलली. सिंह आळोखेपिळोखे न देता, कोणाकडे न बघता, सरळ गाडीकडे चालत आला. घाई नाही. कृष्णकांतजींच्या लेन्समध्ये आधी अख्खा सिंह होता, मग डोकं, मग नाक, मग काहीच मावेना. सिंह गाडीच्या बाजूला आला, प्रयागबाईंच्या खिडकीखाली, आणि धप्पकन बसला. सकाळचं ऊन वर येत होतं आणि गाडीची सावली त्या बाजूला पडली होती. त्याला सावली हवी होती.

आडवा झाला. मग पाय पसरले. त्याच्या शेपटीचा गोंडा मागच्या चाकाला टेकला होता.

पॅट्रिकनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. म्हणजे आता गाडी हलणार नाही, हा उठेपर्यंत.

आणि शोभाताई? शोभाताईंनी सिंह उभा राहिला तेव्हाच डोळे मिटले होते. आता त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं आणि आत त्या प्रयागबाईंचा दंड धरून बसल्या होत्या. त्यांची नखं लागत होती.

"गेला का वं?" पांघरुणातून आवाज आला.

"नाही."

"काय करून राहिला?"

"झोपून राहिला."

"खोटं नका बोलू बाई. आज तरी."

बाईंनी खाली पाहिलं. हात बाहेर काढला असता तर खरंच आयाळीला लागला असता, त्यांनी शोभाताईंना घाबरवायला सांगितलं होतं तसा. पण आयाळ तशी नव्हती, जशी त्या सांगायच्या. विंचरलेली, सोनेरी वगैरे काही नव्हती. काळपट, गुंता झालेली, काटे अडकलेली. एक कान वरून फाटलेला, जुना. नाकावर आणि डोळ्यांच्या कडेला माश्या. पोट वर यायचं, थांबायचं, खाली जायचं. तोंड अर्धवट उघडं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ओठाची कड थोडी थरथरायची.

हे बाईंनी कुठंतरी पाहिलं होतं. अगदी हेच. देवराव सकाळी साडेसातला कळमेश्वरहून यायचा, बूट दारात काढायचा, आणि जेवणासाठीसुद्धा न थांबता पंख्याखाली असाच पडायचा, शर्टासकट, तोंड उघडं. मग अख्खा दिवस त्या दोन खोल्यांत बाई पायातली जोडवी चिंधीनं बांधून फिरायच्या. पोरीला आणि पोराला बोट ओठांवर ठेवून रागवायच्या. भांडी दुपारी चारनंतर. वीस वर्षं.

कृष्णकांतजींना फोटो हवा होता. सिंहाचं तोंड खाली होतं. त्यांनी मूठ वळली आणि गाडीच्या पत्र्यावर हळूच टकटक केलं, वर बघावं म्हणून.

"ठोकू नका," प्रयागबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण वीस वर्षं वापरलेला होता. कृष्णकांतजींचा हात तिथेच राहिला.

"रातपाळी करून आला थो. झोपू द्या."

पॅट्रिकला मराठीतलं एक अक्षर कळलं नसणार, पण त्यानं मागे वळून कृष्णकांतजींकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या टकटकीनं सिंहानं मात्र डोकं उचललं होतं. कृष्णकांतजींच्या कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. वर, खिडकीकडे बघितलं. बाईंकडे. किती वेळ, ते बाईंना पुढे कधीही सांगता आलं नाही. मग एक लांब श्वास सोडून त्यानं डोकं परत पंजावर ठेवलं.

चाळीस मिनिटं गाडी तिथे उभी होती. चादरीतले पोहे गार झाले. कोणी एक शब्द बोललं नाही, खोकलं नाही, आणि प्रयागबाईंनी एकदाही नजर काढली नाही. मग सावली सरकली, ऊन त्याच्या पोटावर आलं, आणि तो उठून ओढ्यात उतरून गेला.

"गेला का वं?"

"गेला."

शोभाताईंनी पांघरूण काढलं. केस विस्कटलेले, कुंकू पसरलेलं. त्यांनी आधी दोन्ही बाजूला पाहिलं आणि मग हलकेच बाईंना विचारलं, "कसा होता?"

प्रयागबाईंनी तोंड उघडलं. चित्त्याचे पाय, नदीची गर्दी, चिखलातलं पिल्लू, सगळं ज्या जिभेवर तयार असायचं त्या जिभेला काही सुचेना.

"थकला होता," त्या म्हणाल्या.

चित्त्यामागे गेलेल्या गाड्याही येऊन मिळाल्या आणि झाडाखाली नाश्ता झाला. गार पोह्यांवर गरम तर्री ओतली की पोहे पुन्हा जिवंत होतात, आणि ते बाईंनी प्रत्येकाचं तोंड बघून ओतलं. पॅट्रिकनं जास्त मागितली, त्याला बजावलं तरी मागितली, आणि मग तो झाडाला धरून पाच मिनिटं उभा होता.

नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी शोभाताईंच्या अंगणात अख्खी गल्ली बसली. या वर्षी गर्दी जास्त, कारण या वर्षी गल्लीचे तीन जण जाऊन आले होते. प्रयागबाईंना नेहमीची खुर्ची मिळाली. त्यांनी बसताना शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताई चकल्या वाटत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"सांगा काकू," बंटी म्हणाला. "सिंह?"

बाईंनी पदर सारखा केला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं.

"होता. झोपला होता," त्या म्हणाल्या. "तोंडावर माश्या होत्या. एक कान फाटलेला. श्वास असा चालू होता." त्यांनी हात पोटापाशी नेला, वर केला, थांबवला, खाली आणला.

गल्लीनं वाट पाहिली. चकल्यांचा आवाजही थांबला.

"मंग?" बंटी.

"मंग उठला अन् गेला."

"डरकाळी?"

"नाही."

"कोणावर झडप?"

"झोपला होता न गा."

आरा मशीनच्या मालकानं खुर्ची मागे सरकवली. मागच्या रांगेतलं कोणी हळूच म्हणालं की या वर्षीचा सिंह काही खास नव्हता. बंटी तर असा बघत होता, जणू बाईंनी त्याचा चित्ताही परत मागितला. "मागच्या सालचा मस्त होता काकू," तो म्हणाला. "त्याची आयाळ कशी होती, थे सांगा न परत."

आता बोलायची पाळी एकाच व्यक्तीची होती आणि प्रयागबाईंना ते ठाऊक होतं. त्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. शोभाताईंनी चकल्यांचं ताट खाली ठेवलं. हात पुसले. सगळ्यांच्या मधोमध आल्या.

"बाई प्रवासानं थकली आज," त्या म्हणाल्या. "तिच्यानं होत नाही. मी सांगते. मी बाजूलेच होती."

आणि मग लकडगंजच्या त्या अंगणात सिंह आला. झुडूप फोडून आला, तीन उड्यांत गाडीपाशी आला, त्याच्या डरकाळीनं गाडीच्या काचा थरथरल्या, कृष्णकांतजींची हातभर लेन्स गळून पडली, आणि सगळे ओरडत असताना एकट्या प्रयागबाईंनी खिडकीतून वाकून त्याला दटावलं, तेव्हा तो बसला. बंटीचं तोंड उघडं होतं. आरा मशीनच्या मालकानं खुर्ची पुढे घेतली. मारोतराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि ते तर त्या वेळी तंबूत घोरत होते.

शोभाताई एकाच ठिकाणी अडकल्या.

"अन् त्यानं वर पाह्यलं बाईकडं. त्याचे डोळे, अव माय, त्याचे डोळे असे..." त्यांचा हात हवेत राहिला. डोळे त्यांनी कुठे पाहिले होते? त्यांनी हळूच प्रयागबाईंकडे बघितलं, जसं पांघरुणातून विचारलं होतं तसंच.

"चहाच्या रंगाचे," प्रयागबाई म्हणाल्या. "दूध टाकायच्या आधीचे."

"चहाच्या रंगाचे," शोभाताई गल्लीला म्हणाल्या, "दूध टाकायच्या आधीचे," आणि सिंहाला पुढच्या उडीसाठी उभं केलं.